शिवेवरचा कोंबडा

अकरा वर्षं ही गोष्ट घशापर्यंत येते आणि मी घोटभर पाणी पिऊन तिला परत खाली ढकलतो. बायकोला सांगितली नाही. फौंड्रीत तेवीस वर्षं शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मित्राला सांगितली नाही. देवळात गेलो तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येतो — देवाला माहीत असेल तर असेल, माझ्या तोंडून त्याला कळलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. गावच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगून झाल्यावर त्याच्या तोंडाकडं बघावं लागणार, आणि तेवढी माझी छाती नाही.

एका कोंबड्याची गोष्ट आहे. हसू येत असेल तर हसा, माझी ना नाही. एका माणसानं एक कोंबडा उचलून घरी आणला — यात कबूल करण्यासारखं काय असतं? चोरी म्हणावी तर तो कोंबडा कुणाच्या मालकीचाच नव्हता. पण थांबा. एकदम त्याच्यावर मला येता येत नाही. आधी माझ्याविषयी थोडं ऐकून घ्या, म्हणजे मी काय बघितलं आणि काय बघायचं टाळलं, ते तुमच्या ध्यानात येईल.

मी पॅटर्न मेकर. बेळगावात उद्यमबागेत लोखंडाची ओतकामं होतात. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रत करावी लागते, ती करणारा मी. अर्धा मिलिमीटर चुकला की अख्खी खेप भंगारात. त्यामुळं नजरेला एक वाईट खोड लागली. काहीही बघितलं की आधी ते मापात आहे का, हे बघायचं. लग्नात नवरानवरीवर अक्षता टाकतानाही मी पाठीमागच्या मखराचा कोन तपासत असतो, असं बायको म्हणते. खोटं नाही म्हणत.

ही खोड मी कोंबड्यांत नेली. खानापूर रस्त्याला आमचं गाव, थोडी भाताची शेती, आणि पुढच्या अंगणात असील. असील म्हणजे आपल्याकडची जुनी, उंच, ताठ उभी राहणारी जात. लोक झुंजीला वापरतात, मी नाही. झुंजीवाला आला तर त्याला फाटकातूनच वाटेला लावतो. मी पाळतो ते रूपासाठी. असील कसा असावा याची एक आठ पानी पुस्तिका आहे, पाळणाऱ्यांच्या संघानं छापलेली. तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा, बसका. गळ्याखाली लोंबती कातडी जवळजवळ नाहीच. चोच आखूड आणि जाड. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली. शेपूट खाली उतरलेली. आणि डोळा — डोळा मोत्याच्या रंगाचा. पिवळा नव्हे, तांबूस नव्हे, मोत्याचा. ही पुस्तिका मला तोंडपाठ आहे. लग्नाची तारीख विचारलीत तर अडखळेन.

आज माझ्या कोंबड्यांना नाव आहे. कोल्हापूरहून, हुबळीहून, गोव्याहून माणसं गाडी करून येतात. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी दर दिवाळीनंतर येतो. कोंबडा हातात घेतला की आधी पापणी वर करून डोळा बघतो आणि मग विचारतो, हे रक्त कुठलं? आणि मी सांगतो. कृष्णाकाठी एक म्हातारे गृहस्थ होते, मुलांना आवड नव्हती, जाताना त्यांनी आपला शेवटचा कोंबडा माझ्या स्वाधीन केला. पहिल्यांदा मी एवढंच सांगितलं होतं. मग दर वर्षी त्या म्हाताऱ्याला काहीतरी मिळत गेलं — पांढऱ्या मिशा, काठी, दम्याचा खोकला. आता तो इतका खरा झालाय की कधीकधी मलाच त्याची आठवण येते. असा कुणी म्हातारा नव्हता.

पण हे खोटं लहान आहे. हे सांगून मी सुटणार असतो तर कधीच सांगून टाकलं असतं.

आमच्या परसाला लागून शेवंताक्काचं परस. मध्ये निवडुंगाचं कुंपण, तेही जागोजाग फाटलेलं. आक्का माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा सांबऱ्याला एका गॅरेजात कामाला. तिच्याकडं तेवीस कोंबड्या होत्या, सगळ्या उघड्या मानेच्या. म्हणजे डोक्यावर पिसं, अंगावर पिसं, आणि मधली मान लालभडक, सुरकुतलेली, जशी सोलून काढलेली. आक्काच्या आजीनं माहेराहून आणलेल्या, मग आईकडं, मग आक्काच्या लग्नात तिच्याबरोबर इकडं. असल्या कोंबड्यांची पुस्तिका कुणी छापत नाही. मी तर त्यांच्याकडं बघून रोज काहीतरी बोलायचोच. आक्का, मानेचा स्वेटर विणायचा राहिला व्हय गं? आणि ती न चिडता म्हणायची, "उन्हाळ्यात कुनाची कोंबडी धापा टाकतीया त्ये बघ की आधी." ते खरं होतं. एप्रिलात माझे असील चोची वासून सावलीला पडायचे आणि तिच्या कोंबड्या भर उन्हात उकिरडा उकरत असायच्या.

आणि त्या आई म्हणून फार चांगल्या. माझ्या कोंबड्या अंगानं जड, खुडूक बसल्या की निम्मी अंडी फोडायच्या. म्हणून माझी अंडी आक्काच्या कोंबडीखाली. आमच्याकडं याला वाट्यानं देणं म्हणतात — पिल्लं दोन महिन्यांची झाली की निम्मी त्याची, निम्मी हिची. वाटणी करायची रीत अशी, की जिनं वाढवली तिनं पिल्लं दोन पाट्यांत घालायची आणि अंडीवाल्यानं हवी ती पाटी उचलायची. त्यामुळं दोन्ही पाट्या सारख्या ठेवणं तिच्याच हिताचं. पण मी सांगतो, रीत नसती तरी तिनं सारख्याच ठेवल्या असत्या. दहा-बारा वर्षांत एकदाही मला पाटी निवडताना विचार करावा लागला नाही. मापाचा माणूस मी, आणि माप तिचं बरोबर असायचं.

आता त्या वर्षाकडं येतो. यावंच लागेल.

माझ्या कोंबड्यांचं रक्त जुनं झालं होतं. त्याच त्या घरातल्या घरात जोड लावून लावून पाय बारीक व्हायला लागले, अंडी भरायची बंद झाली, म्हणजे त्यांत पिल्लूच धरेना, आणि डोळे तांबूस यायला लागले. एका प्रदर्शनात परीक्षकानं माझा सगळ्यात चांगला कोंबडा उचलला, पापणी वर केली आणि काही न बोलता खाली ठेवला. काही बोलला असता तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस मला फौंड्रीत साच्याच्या लाकडावरही तो तांबूस डोळा दिसायचा. आता वाटतं, माणसानं कशासाठी झुरावं याला काही धरबंध असतो का नाही? पण झुरत होतो खरा.

माघ महिना होता. ओढ्यापलीकडच्या गावात मानमोडी आली होती. कोंबड्यांचा राणीखेत रोग; आमच्याकडं मानमोडी म्हणतात, कारण कोंबडी मान उलटी मुरगळते आणि दोन दिवसांत जाते. असं काही आलं की आमच्या भागात एक रीत आहे. त्या गावातला एक धडधाकट कोंबडा मरीआईपुढं नेतात, हळदकुंकू लावतात, साऱ्या गावावरून ओवाळतात आणि शिवेवर सोडून देतात. रोग त्याच्याबरोबर गेला असं समजायचं. त्या कोंबड्याला मग कुणी हात लावत नाही. उपाशी माणूससुद्धा लावत नाही. जो उचलेल, तो गावाचं दुखणं घरी नेईल. मी या सगळ्याला अडाणीपणा म्हणायचो. चारचौघांत, मोठ्यानं म्हणायचो.

पहिली पाळी संपवून मी घरी येत होतो. साडेचार झाले असतील. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, रस्त्याला चिटपाखरू नाही. ओढ्याच्या अलीकडच्या बांधावर तो उभा होता. पायाला पिवळी चिंधी, छातीवर हळदीचा लपका. मी गाडी हळू केली ती सहज, बघावं म्हणून. आणि त्यानं मान वळवली.

डोळा मोत्याचा होता.

मी गाडी बंद केली. आता हे तुम्हाला कसं सांगू — मला तो कोंबडा दिसलाच नाही, मला पुस्तिका दिसली. तुरा, चोच, खांद्याची रुंदी, मांड्यांचा कोन, उतरलेली शेपूट. कुठल्या तरी शेतकऱ्याच्या घरात, कुणी न बघता, कुणी न मापता, हे रक्त पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं गेलं होतं आणि त्या लोकांनी ते ओवाळून टाकलं होतं. असा राग आला मला त्यांचा. या अडाण्यांना काय कळतंय, असं मी त्या बांधावर उभा राहून बोललोसुद्धा. गाडीला कोंड्याचं रिकामं पोतं बांधलेलं होतं. कोंबड्यानं जरासुद्धा धडपड केली नाही. चिंधी सोडून ओढ्यात टाकली, छातीवरची हळद पाण्यानं धुतली. घरी बायकोला म्हणालो, संकेश्वरच्या बाजारातून एकानं आणून दिला, चांगलं रक्त आहे, कुठं बोलू नकोस.

मला रोगाचं माहीत नव्हतं, असं म्हणू का? म्हणून बघितलंय मी. आरशापुढं उभा राहून म्हणून बघितलंय. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय की बाहेरून आणलेला पक्षी तीस दिवस वेगळा ठेवावा. आणि मी तो वेगळा ठेवला. म्हणजे मला माहीत होतं. माझी खुराडी घराच्या पुढच्या अंगाला. मी तो मागच्या जुन्या गोठ्यात ठेवला. माझ्या कोंबड्यांपासून लांब. चांगली चाळीस पावलं लांब.

लांब म्हणजे कुणाच्या जवळ?

त्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे आक्काच्या खुराड्याची भिंत. खालच्या फळ्या कुजून गेलेल्या, आणि तिच्या कोंबड्या सांडलेला भुसा टिपायला रोज त्या फटीतून आत यायच्या. मी रोज बघायचो. त्यांना हुसकायचो. त्या संध्याकाळी कोंबडा आत बांधून मी दारात उभा होतो आणि त्या फटीकडं बघितलं. एक फळी ठोकायला किती वेळ लागतो? लाकूडकाम हा माझा धंदा आहे. मी म्हटलं, उद्या ठोकू.

अजून एक आहे, तेही आत्ताच सांगतो. लस. माझ्या कोंबड्यांना मी दर वर्षी या रोगाची लस टोचत होतो. तिची बाटली शंभर कोंबड्यांची येते आणि फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. माझ्या कोंबड्या चाळीस. उरलेली लस मी दर वर्षी मोरीत ओतून देत होतो, आणि कुंपणापलीकडं तेवीस कोंबड्या होत्या. आक्का नको म्हणाली होती का? नाही. मी विचारलंच नव्हतं. त्या कोंबड्या मापातल्या नव्हत्या. असं शब्दांत माझ्या मनात कधी आलं नाही. शब्दांत यायची गरजच पडली नाही.

पाचव्या दिवशी कोंबडा गळाठला. हिरवट पातळ हगवण, मान थरथरत होती. मी सुट्टी टाकून त्याच्यापाशी बसलो, ड्रॉपरनं गूळपाणी पाजलं. तो वाचला. आणि नवव्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून आक्कानं मला हाक मारली.

गेलो तेव्हा सहा कोंबड्या पडलेल्या होत्या. एक लाल मान उलटी करून गोल गोल फिरत होती, स्वतःच्या पाठीकडं बघत. आक्का परसाच्या मधोमध उभी होती, कुणाला आधी उचलावं ते न कळून. त्यात एक खुडूक कोंबडी माझ्या अंड्यांवर बसलेली. तिचीही मान वळली होती, पण ती अंड्यांवरून उठली नव्हती. आणि मी — मी आक्काच्या कोंबड्यांकडं गेलो नाही. मी पाटी घेऊन आलो होतो. माझी अंडी न्यायला.

माझ्या अंड्यांवर मी पेन्सिलीनं फुली करायचो, म्हणजे मिसळायला नकोत. आक्कानंच ती कोंबडी दोन्ही हातांनी अलगद उचलून धरली. "तुजी तेवढी वाचव रं सदा," म्हणाली. खाली तेरा अंडी होती. अकरांवर फुली. दोन साधी, तिची. मी अकरा उचलली. हाताला ऊब लागत होती. ती दोन मी तिथंच ठेवली आणि आक्कानं कोंबडी परत त्यांच्यावर बसवली. घरी मी माझी अंडी औषधाच्या पाण्यानं पुसली, बल्बच्या पेटीत ठेवली, नऊ पिल्लं निघाली. पेटीत पन्नास अंड्यांची जागा होती. दुसऱ्या दिवशी ती कोंबडी मेली आणि ती दोन अंडी गार झाली.

बाकीच्याही वाचणार नव्हत्या; आक्काच्या आजीपासून चालत आलेलं जे काही होतं, ते त्या दोन अंड्यांत उरलं होतं. मला हे तेव्हा कळलं नाही, असं नाही. अर्धा मिलिमीटर कळतो, आणि दोन अंडी मोजता येत नव्हती?

पंधरा दिवसांत गावातला कोंबडा आरवायचा बंद झाला. सगळ्यांच्या गेल्या. माझ्या राहिल्या; लस होती ना. पहाटे माझेच कोंबडे आरवायचे, मग थांबायचे. तुम्हाला ठाऊक असेल, कोंबडा आरवला की दुसरीकडून उत्तर येतं, मग तिसरीकडून. ते उत्तर यायचं बंद झालं. माझे कोंबडे आरवून थांबायचे, कान दिल्यासारखे थांबायचे, आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून त्यांच्याबरोबर थांबायचो.

खानापूरहून सरकारी डॉक्टर आले. देवळाच्या पायरीशी गाव जमलं. डॉक्टर कन्नड बोलणारे, भला माणूस. त्यांनी विचारलं, महिन्याभरात कुणी बाहेरून नवी कोंबडी आणली का? आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे हो. कोंबड्यांतलं कळणारा गावात मी, म्हणून.

हा तो क्षण. यासाठीच इतकं फिरून आलो.

मी म्हणालो, नवी कोंबडी कुणी आणलेली नाही. इथं थांबलो असतो तरी मी खोटारडा झालो असतो, पण एवढाच. मी थांबलो नाही. मी म्हणालो, पण ओढ्यापलीकडं जाऊन आलेली माणसं आहेत. आणि वर विचारलं, पायांना लागून येतं ना डॉक्टर? "बर्तद, बर्तद," ते मान हलवत म्हणाले. येतं की. आणि ते खरंच आहे, पायांना लागून येतं, पुस्तिकेतही लिहिलंय. खोट्याच्या कामाला मी खरी गोष्ट लावली. पॅटर्न मेकरचं डोकं. सांधा कुठं दिसू दिला नाही.

शेवंताक्का तिच्या कोंबड्या पडायच्या आठवडाभर आधी ओढ्यापलीकडं बहिणीच्या नातवाच्या बारशाला जाऊन आली होती. गावात सगळ्यांना माहीत होतं. तिनं घुगऱ्या वाटल्या होत्या. मी तिचं नाव घेतलं नाही. मला ते घ्यावं लागलं नाही. एकेक करून माना तिच्याकडं वळल्या आणि तिनं खाली, स्वतःच्या पायांकडं बघितलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती आमच्याकडं आली. बायको चुलीपाशी होती, मी ओसरीवर. ती पायरीखालीच उभी राहिली. "माज्याच पायानं आलं व्हय रं सदा?" तिनं विचारलं. "साऱ्या गावाचं वाटोळं झालं की रं. तू लई शिकलेला, तू सांग."

मी काय बोललो, ते शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "आसंल आक्का. पन तू काय मुद्दाम केलंस व्हय? मनाला लावून घिऊ नगंस."

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी, ओसरीवर बसून, तिला माफ केलं. आणि तिनं माझ्यापुढं हात जोडले.

गावानं तिला काही केलं नाही. आमचं गाव तसं वाईट नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. फक्त हळूहळू बायका बारशाला, जेवणाला तिला जरा उशिरा सांगायला लागल्या. बाळंतिणीच्या खोलीत बोलावणं येईना. तिच्या पायाबद्दल एखादं वाक्य कुठंतरी व्हायचं आणि ती आली की थांबायचं. पण गावानं केलं ते काहीच नाही. तिनं स्वतःला केलं ते बघवत नव्हतं. तिनं परत कोंबडी पाळली नाही. पुढं दोन वर्षांनी मुलाचं लग्न झालं. नवी सून उंबऱ्याशी उभी, माप ओलांडायचं होतं, आणि आक्का कुठंच दिसेना. मागं न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती. जाऊबाईंना पुढं केलं तिनं. नव्या पोरीच्या पायात आपला पाय नको, म्हणाली. एकुलती एक सून, आणि सासू तिला बघायलाही पुढं आली नाही. मी तिथंच मांडवात होतो. पंगतीत मी दोनदा जिलेबी घेतली.

आणि माझं काय झालं? माझं भलं झालं. त्या कोंबड्याच्या पिलांचे डोळे मोत्यासारखे निघाले. पाय भरले, अंडी भरली. ज्या परीक्षकानं काही न बोलता कोंबडा खाली ठेवला होता, त्यानं तीन वर्षांनी माझा हात हातात घेतला. तो कोंबडा मात्र मी कुणाला दाखवला नाही. दुखण्यातून उठला तो मान एका बाजूला कलवूनच, ती कधी सरळ झाली नाही. गोठ्यात गेलो की डोकं तिरकं करून एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहायचा. सहा वर्षं बघितलं त्यानं. मेला तेव्हा मी त्याला गोठ्यातच पुरला.

लोकांना अडाणी म्हणालो होतो ना मी? त्या अडाण्यांनी रोग बांधून शिवेवर नेऊन ठेवला होता. त्याला हात लावू नका म्हणून पिवळी चिंधीसुद्धा बांधली होती. ती सोडणारा शिकलेला होता.

गोठा अजून उभा आहे. मागच्या फळ्या मी नंतर ठोकल्या, पक्क्या, स्क्रू मारून. तिकडं भुसा आणायला गेलो की पलीकडून खुडूक कोंबडीचा आवाज येतो, तो घशातला, दबका. पलीकडं आता खुराडं नाही, शेणी रचलेल्या आहेत. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण भुसा मी आता बायकोला आणायला सांगतो.

आक्काला सांगायचं एकदा ठरवलं होतं. शेतावर दोघंच होतो. मी म्हणालो, आक्का, ती मानमोडी आलती बघ... आणि ती घाईघाईनं म्हणाली, "नगं रं त्येचं नाव काढू. तुजी बी पिल्लं गेली असती माज्यापायी." खरं सांगू, गप्प बसायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की येताना मी गुणगुणत होतो.

ती आमच्याकडं अजून येते. बायकोशी तिचं चांगलं आहे, ताक आणते, निवडून दिलेली भाजी घेऊन जाते. पण त्या डॉक्टरांच्या दिवसापासून ती फाटकात थांबते आणि पाय धुतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. माझ्या कोंबड्या आहेत ना आत. पहिल्यांदा मी म्हणालो होतो, असू दे आक्का. तिनं ऐकलं नाही आणि मीही परत म्हणालो नाही. मग बायकोनं फाटकाशी एक बादली आणि तांब्या कायमचाच ठेवला. अकरा वर्षं. पावसाळ्यातसुद्धा.

आज सकाळी आक्का आली तेव्हा बायको आत कामात होती, म्हणून फाटकाशी मी गेलो. आक्का आता सत्तरीला आली. फाटकाच्या खांबाला धरून एकेक पाय उचलते. टाचांच्या भेगांत माती अडकते ती वाकून बोटानं काढते. मी तांब्यातून धार धरली. एक पाय झाला, दुसरा झाला. तिनं वाकून बघितलं, तिचं समाधान झालं नाही.

"आनि जरा वत रं," म्हणाली.

मी ओतलं.